बांधात उभे राहिलेले फावडे

उंचवट्यावरचे घर, १९ सप्टेंबर

फोल्के मार्गारेथा ओन्केन, माहेरची त्यार्क्स,

ही जमीन तुझी होती, आणि आपल्या संसारात तिच्याविषयीचा एकही कागद तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडला नाही. तू मार्चमध्ये गेलीस एवढ्यावरून ती पद्धत मोडावी असे मला वाटत नाही. सबब हे पत्र.

प्रकरण तुला अर्धे ठाऊक आहे. थोरल्या बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला तुझ्या आजोबांनी हातांनी घातलेला जो ठेंगणा उन्हाळी बांध आहे, तो दोन ठिकाणी फोडावा, म्हणजे आतल्या कुरणांत रोजची भरती येईल, गाळ बसेल आणि पूर्वीसारखे खाजण तयार होईल, अशी किनारा खात्याची योजना आहे. खाजणातले गवत लाटांना दमवते. दमलेली लाट थोरल्या बांधावर आदळली तर गाव वाचते. बिघडलेल्या निसर्गजागा पूर्ववत कराव्यात असा ब्रसेल्सचा कायदा झाला असल्याने पैसा तिकडून येणार आहे. आपले घर उंचवट्यावर असले तरी ते पाडावे लागेल. संमती पंधरा नोव्हेंबरपर्यंत हवी आहे, नाहीतर तो निधी दुसऱ्या किनाऱ्याला जाईल. सक्ती कोणतीही नाही. सही करायची ती मी, कारण जमीन आता माझ्या नावावर आहे.

खात्याचे पहिले पत्र आले तेव्हा तू अंथरुणावर होतीस. ते वाचून, घडी घालून तू किटलीच्या चौरंगाखाली सरकवलेस आणि म्हणालीस, "बघू." त्या एका शब्दावर तुझा भाऊ आणि मी उन्हाळाभर भांडत आहोत. आयबोच्या मते तुझे "बघू" म्हणजे नाही. वडिलांनी त्याला गावातले शेत दिले आणि तुला ही बाहेरची कुरणे. त्याच्या कालवडी इथे चरतात, हे मी जमेस धरतो. परंतु तो केवळ गवतासाठी भांडत नाही, हेही मला दिसते.

काल किनारा खात्याच्या डॉ. वाइड्नर हानोफरहून आल्या. मी रीतीप्रमाणे चहा केला. आयबो न बोलावता येऊन बसला होता. बाईंनी कपात खडीसाखर टाकली, मी वरून साय सोडली, आणि आपल्याकडे जे कोणी करत नाही ते त्यांनी केले: चमचा घेऊन ती सगळी ढवळून काढली. आयबो म्हणाला, "बघ मास्तर, आल्या आल्याच ढवळाढवळ." बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी घाबरून चमचा कपातच ठेवला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होत असल्यामुळे त्यांना दुसरा कप मिळाला नाही, आणि मी यजमान म्हणून ओशाळलो.

नंतर बाईंनी नकाशे मांडले. पूर्ववत, पूर्ववत, असे त्या पुष्कळदा म्हणाल्या. आयबोने विचारले, "पूर्ववत म्हणजे कुठल्या सालासारखं? आमच्या आजोबांच्या आधीचं?" मीही नमूद केले की हा शब्द अचूक नाही. जे गेले ते पूर्ववत होत नसते, त्या जागी फार तर दुसरे काही येते. बाईंनी ते वहीत टिपून घेतले. त्यांनी मला योजनेच्या विरोधातला समजले असावे. मी दुरुस्ती केली नाही.

तुझा,
हाब्बो ओन्केन


८ ऑक्टोबर

फोल्के,

एक घटना घडली आहे आणि ती गावाकडून विपर्यस्त स्वरूपात तुझ्या कानी जाण्याआधी (हे वाक्य निरर्थक आहे, तरी खोडत नाही) मी स्वतः सांगतो.

परवा शरदातली बांधपाहणी होती. बांधावर झुडूप असू नये हा नियम तुला माहीत आहे. तो मी तुला बऱ्याचदा वाचूनही दाखवला होता. तरी तू उन्हाळी बांधाच्या उतारावर किनारी गुलाब लावलास, आणि तो दर वर्षी पसरत गेला. तू असेपर्यंत पाहणीचे लोक तिकडे पाठ फिरवून उभे राहत. आता ती सवलत घेणे उचित नव्हे, म्हणून आदल्या दिवशी मी तो काढायला गेलो. गुडघ्याच्या दुखण्यामुळे काम अपुरे राहिले. सरळ दांड्याचे फावडे तिथेच, बांधात उभे, विसरून घरी आलो.

मी उंचावरच्या कोरड्या मुलखातला माणूस. आम्ही फावडे विसरतो. इथले लोक विसरत नाहीत. इथे बांधात उभे फावडे म्हणजे काय, हे मी शाळेत मुलांना शिकवत आलो आहे: ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपेनासे होई, तो बांधात फावडे रोवून निघून जाई. जो ते उपटेल त्याची जमीन, आणि त्याच्याच डोक्यावर बांध. तो कायदा केव्हाच मेला आहे. पण शिकवणे वेगळे आणि हातात असणे वेगळे.

सकाळी पाहणीचे लोक रांगेने बांधावरून आले. पुढे बांधमंडळाचा प्रमुख ओन्नो हायकेन, मागे शेतकरी, त्यांत आयबो. फावडे पाहून सगळी रांग थांबली. मी घराच्या दारातून पाहत होतो. बोलणे ऐकू येण्याइतका मी जवळ नव्हतो, ते ओन्नोने नंतर सांगितले. कोणीतरी म्हणाले, मास्तरने हात टेकले. कोणीतरी हसले. ओन्नो गमतीने म्हणाला, "काय रे आयबो, बघतोस काय? उपट की." आणि आयबोने पुढे होऊन ते उपटले.

ओन्नो सांगत होता की त्यानंतर हसायला कोणाला सुचले नाही. आयबोने टोपी काढली होती.

संध्याकाळी पाहणीनंतरच्या जेवणात सर्वांनी माझ्याकडे पाहिले. ओन्नोने विचारले, "मास्तर, तुम्ही जाणूनबुजून रोवलं होतं का?" विसरलो एवढे म्हणणे पुरेसे झाले असते. परंतु मग फावडे घेऊन तिथे कशाला गेला होता आणि काम अर्धे का टाकले, हे प्रश्न ओघानेच आले असते. मी म्हणालो की मला यावर काही बोलायचे नाही. आयबोने टेबलावरून माझ्याकडे पाहिले आणि मान लववली. इतक्या वर्षांत त्याने मला कधी मान लववली नव्हती.

हाब्बो ओन्केन


२१ ऑक्टोबर

फोल्के,

आयबो बांध दुरुस्त करतो आहे. एकटा. पश्चिमेकडचा उतार उन्हाळ्यात घसरला आहे, तिथे तो हातगाडीने चिकणमाती नेऊन घालतो, थापतो, वर गवताची ढेकळे बसवतो. ट्रॅक्टर आणत नाही, कारण बांध ओला आहे आणि चाकांनी खचेल. त्याच्या हृदयाचे ऑपरेशन झाल्यावर तू त्याला दुधाची बादलीही उचलू देत नव्हतीस. मी खिडकीतून पाहतो. तो थांबतो, छातीवर हात ठेवतो, पुन्हा गाडी ढकलतो.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला, "बांध राखेल तो राहील. तूच शिकवतोस ना मुलांना?" दुसऱ्यांदा तो गाडी ढकलत माझ्या बाजूने निघून गेला.

कायद्याने जमीन माझी आहे आणि फावड्याला कवडीची किंमत नाही. मी सही करू शकतो. पण मग गावादेखत ज्याने टोपी काढून भार उचलला त्याच्या हातून मी तो कागदाने हिसकावून घेतला असे होईल. सही केली नाही तर तो या बांधावर मरेल, आणि तोही अशा बांधासाठी जो या हिवाळ्यात किंवा पुढच्या हिवाळ्यात फुटणारच आहे. तिसरा मार्ग खरे सांगण्याचा आहे. त्याविषयी मी विचार करतो आहे.

डॉ. वाइड्नरांचा फोन आला होता. त्यांनी अत्यंत सौजन्याने तारखेची आठवण दिली. बेकरीत वुबकेने पाव बांधताना विचारले, "मास्तर, घर सोडणार की भाडं भरणार? मालक बदलला म्हणतात." रांगेतले हसले. मी सुटे मोजून दिले आणि बाहेर आलो.

तुझ्या "बघू"चा अर्थ तू मला सांगायला हवा होतास. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

हा. ओन्केन


२९ ऑक्टोबर

फोल्के,

काल उधाण आले. आम्ही दोघे सुखरूप आहोत, हे आधी लिहितो.

सकाळीच ओन्नोचा फोन आला: वारा वायव्येचा, दुपारच्या भरतीला पाणी उन्हाळी बांधावरून जाईल, बारापर्यंत थोरल्या बांधाआड या. मी आज्ञेप्रमाणे वेळेत निघालो. औषधे, कागदपत्रे, एक जोड कपडे. थोरल्या बांधाच्या माथ्यावर गाव जमले होते. तिथून मागे वळून पाहिले तर पश्चिम उतारावर आयबो. वाळूची पोती रचत होता. ओन्नो हातांचा कर्णा करून हाका मारत होता आणि वारा त्या हाका गावाकडे परत फेकत होता.

मी पिशवी ओन्नोच्या हातात दिली. तो म्हणाला, "मास्तर, खाली जायला बंदी आहे." मी म्हणालो की मला ठाऊक आहे.

चालत गेलो तेव्हा बांधाबाहेर समुद्र उतारापर्यंत आला होता. मातीच्या रंगाचा, फेसाळ. मी आयबोजवळ पोहोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे होते.

"चल," मी म्हणालो.

"तू जा, मास्तर. तुला सुट्टी आहे. बांध माझा आहे."

"तुझा नाही."

"गावासमोर उपटलंय मी ते. आता कागद दाखवू नकोस."

तेव्हा मी त्याला सांगितले. तुलाही आता तेच सांगतो, कारण आठ तारखेच्या पत्रातले गुडघ्याचे कारण खरे नव्हते. "ते फावडं मी रोवलं नव्हतं, आयबो. गुलाब काढायला आलो होतो. एक घाव घातला, आणि मग हात चालेना. फावडं तसंच टाकून घरी पळालो. त्यात दुसरं काही नव्हतं."

त्याने हातातले पोते खाली ठेवले. मी वाट पाहत होतो की तो शिवी देईल. तीन आठवडे तो एका विसरलेल्या अवजारासाठी माती वाहत होता, आणि ते मी त्याला आत्ता, पाणी पायाशी आल्यावर सांगत होतो.

"मला वाटलं, तिनंच सांगितलं असेल तुला," तो म्हणाला. "जाता जाता. आयबोला दे म्हणून."

मी नाही म्हणालो.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, बघू."

तो पोत्यावर बसला. त्याच वेळी आमच्या पलीकडे, सखल जागी, पहिली लाट माथ्यावरून आत उतरली. तिला घाई नव्हती. गवतावरून पसरली, थांबली, मग तिच्यामागून दुसरी आली आणि माथ्याची ढेकळे घेऊन गेली. त्याने बसवलेली.

"हात दे," आयबो म्हणाला. मी हात दिला. थोरल्या बांधाकडची वाट तोवर पाण्याखाली गेली होती, म्हणून आम्ही उंचवट्याकडे निघालो. शेवटच्या टप्प्यात पाणी कमरेला लागले. तो दोनदा थांबला आणि मी त्याला काखेत धरून ओढले. त्याचे वजन फार नाही, फोल्के. मला ते माहीत नव्हते.

पाणी पायरीपर्यंत चढले आणि तिथेच थांबले. घरात वीज नव्हती. गॅसवर पाणी तापवून मी चहा केला. आयबोला तुझ्या खुर्चीत बसवले, कारण शेगडीजवळ तीच आहे. त्याच्या ओठांचा रंग परतेपर्यंत मी समोर उभा होतो. दुसऱ्या कपानंतर तो म्हणाला, "गुलाब काढला असतास ना मास्तर, तर आज मीच तुला बुडवला असता." मी म्हणालो की नियम तोच राहतो. तो हसू लागला आणि मग त्याला थांबता येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन तिसरा कप करत राहिलो.

आज सकाळी आम्ही दारात उभे राहिलो. ओहोटी केव्हाच लागली होती. उन्हाळी बांधाबाहेरची पट्टी उघडी पडून निथळली होती, तिच्यावर बदके चरत होती. बांधाच्या आत मात्र आपली सगळी कुरणे तळ्यासारखी भरून होती. बांधातले पाणी सोडायचे दार, उघाडी, सताड उघडले तरी पाणी हलत नव्हते. जायचे कुठे? बाहेरची जमीन आतल्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे.

आयबो पुष्कळ वेळ तिकडे पाहत होता. "आजोबांनी समुद्र बाहेर ठेवला," तो म्हणाला, "गाळही बाहेरच राहिला. बाहेरचं वाढत गेलं. आपलं खाली बसत गेलं."

मी हा धडा फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षे शिकवला आहे.

"गप्प का? शिकव की आता."

"तू बरोबर सांगतो आहेस," मी म्हणालो.

तुझा गुलाब खाऱ्या पाण्याखाली होता. पाने करपली आहेत. मुळांचे मला सांगता येत नाही.

हाब्बो


९ नोव्हेंबर

फोल्के,

आज सही केली.

त्याआधी मी आयबोला रीतसर विचारले. तो म्हणाला, "मला कशाला विचारतोस? फावडं तर तू विसरला होतास." मी म्हणालो की फावड्यासाठी नव्हे, तू तिचा भाऊ आहेस म्हणून विचारतो. तेव्हा त्याने त्याच्या गोठ्याच्या दारातून कुरणांच्या दिशेने पाहिले. पाणी अजून पुरते उतरलेले नाही आणि गवत पिवळे पडते आहे. "एवढी माती घातली मी," तो म्हणाला, "एका दुपारी गेली. फोड. पण खात्याच्या लोकांना सांग, पूर्ववत म्हणू नका म्हणावं. इथं माणसं राहत होती."

तो माझ्याबरोबर गाडीतून शहरापर्यंत आला. कचेरीत मात्र आला नाही. आजोबांना कधीतरी तोंड दाखवायचे आहे, असे म्हणाला. डॉ. वाइड्नरांनी चहा दिला, पिशवीचा. मी तो ढवळला, कारण तिथे तीच रीत होती. आयबोचे म्हणणे मी त्यांना कळवले. त्या म्हणाल्या की कायद्यात शब्द तोच आहे, त्यांना तो बदलता येत नाही, पण इथल्या फलकावर त्या तो लिहिणार नाहीत. सही करताना मी आधीच्या मालकाच्या, म्हणजे तुझ्या नावाच्या रकान्यापाशी थोडा थांबलो. बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. त्या चांगल्या आहेत.

येताना आयबोने बेकरीपाशी गाडी थांबवायला लावली. त्याला मनुकांचा पाव हवा होता. वुबके टपलेलीच होती. "काय रे आयबो, जमीन मिळाली काय, गेली काय! मालकीण होईन म्हणून वाट बघत होते मी."

मी दाराशी उभा होतो. मला वाटले, आता गुलाबाची गोष्ट गावभर होणार, आणि त्याला ती सांगण्याचा अधिकारही होता.

"मिळाली होती कुठं?" आयबो म्हणाला. "मास्तर म्हातारा झालाय, कुठंही फावडं टाकून येतो. मीच गाढव, उपटत बसलो." दुकान हसले. तोही हसला, आणि पाव घेऊन माझ्याकडे न पाहता गाडीत जाऊन बसला.

उतरताना मी त्याचे आभार मानले. कशाचे, असे त्याने विचारले. मी म्हणालो, सोबत आल्याचे.

तू "बघू" म्हणालीस तेव्हा तुला काय म्हणायचे होते हे मला अजूनही कळलेले नाही. मी ठरवले, तो निर्णय माझा आहे. तुझ्या माथी मारणार नाही.

हाब्बो


गाव, ३० जुलै

फोल्के,

गावात दोन खोल्या घेतल्या आहेत, चर्चच्या मागे. खिडकीतून थोरला बांध दिसतो, त्यापलीकडचे दिसत नाही.

सोमवारी यंत्रे येतील. आधी घर, मग पक्ष्यांची पिल्ले उडाल्यावर बांध. आज शेवटचे सामान काढले. आयबोने ट्रॉली आणली होती. तुझी खुर्ची त्याच्याकडे गेली, तशी त्याने मागितली नव्हती. भिंतीवरच्या निळ्या फरशांपैकी जहाज असलेली मी काढून घेतली, उरलेल्या निघताना फुटत होत्या म्हणून राहू दिल्या. दाराआडच्या खुंटीवर तुझा पिवळा रेनकोट होता. त्याचे काय केले हे मी इथे लिहीत नाही.

आयबो मला शोधत आत आला तेव्हा मी तुमच्या आजोबांच्या पाळण्याच्या कड्या पाहत छताखाली उभा होतो. "निघायचं का रे, हाब्बो?" त्याने विचारले. दुपार व्हायच्या आत ट्रॉली थोरल्या बांधापलीकडे न्यायची होती.

खात्याच्या माणसाने सांगितले की कुलूप लावण्याची गरज नाही, सोमवारी दार असेही निघणार आहे. मी त्याला म्हणालो की सोमवारपर्यंत हे घर आहे.

खिडक्या आतून लावल्या. पाण्याचा नळ आणि गॅस बंद केला. दार ओढून घेतले, कुलूप लावले, एकदा हिसका देऊन पाहिले. दोन्ही किल्ल्या आपल्या लग्नाच्या दिवशी तुझ्या वडिलांनी त्यांच्या गावातल्या, आता आयबोच्या, घराच्या ओट्यावर उभे राहून माझ्या हातात दिल्या होत्या. त्याच ओट्यावर, आज दुपारी, त्या आयबोला परत केल्या.